ओराझबाय आजोबांचा नकार

ओयदिन आपांनी सहा वर्षांपूर्वी एक चिमणी पाहिली आणि तेव्हापासून त्यांच्या आयुष्याची घडी विस्कटली ती विस्कटलीच.

चिमणी पाहून कुणाचं आयुष्य बिघडतं होय, असं ज्याला वाटत असेल त्याने पक्षी बघणाऱ्या मंडळींत चार दिवस राहून यावं. या मंडळींत कुणी कुणाची गाडी ठोकली तर चहावर मिटतं. पण कुणी साध्या घरचिमणीला वाळवंटी चिमणी म्हटलं, तर त्याच्या नातवाच्या लग्नातसुद्धा तो विषय निघतो.

आपा बुखाऱ्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. सहा वर्षांपूर्वी किझिलकुमच्या वाळवंटातून बसने येताना बसचं चाक पंक्चर झालं. रस्त्याच्या कडेला वाळूत दोन चिमण्या दाणे टिपत होत्या. दोन्ही फिक्या राखाडी, दोघींच्या गळ्याखाली काळा डाग, चोचीपासून डोळ्यापर्यंत काळी रेघ. घरचिमण्यांत असला डाग फक्त नराला असतो. मादी बिचारी मातकट, बिनडागाची. इथे नर-मादी दोघंही डागवाले, म्हणजे ही किझिलकुमची वाळवंटी चिमणीच. आपल्या देशात ती उरलीच नाही असं सगळे धरून चालले होते. आपा पिशवीतून कॅमेरा काढेपर्यंत चाक बसलं, ड्रायव्हरने भोंगा वाजवला आणि चिमण्या उडाल्या.

ताश्कंदला दुर्मिळ पक्ष्यांची नोंद ठेवणारी एक समिती होती. तिचे प्रमुख प्रोफेसर सालोहिद्दीन. सगळे विद्यार्थी त्यांना दोम्ला म्हणत आणि आपाही त्यांच्याच विद्यार्थिनी. समितीच्या भरसभेत दोम्लांनी आपांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मायेने विचारलं, "ओयदिन, त्या दिवशी वारं होतं का?"

"होतं, दोम्ला."

"धूळ बसली की घरचिमणीही राखाडी दिसते, पोरी."

सभागृह हसलं. दोम्ला हसले नाहीत, आणि आपांना तेच जास्त लागलं. दोम्लांनी वहीत लिहिलं: 'घरचिमणी, धुळीने माखलेली.' त्या दिवसापासून पक्षीवाल्यांत कुठलीही मळकी वस्तू दिसली की तिला 'ओयदिनची चिमणी' म्हणायची पद्धत पडली. कुणाची टोपी, कुणाची गाडी, एकदा तर एका नवऱ्या मुलाचे बूट.

मग दर वसंतात आपा सुट्टी टाकून वाळवंटात जाऊ लागल्या. पाच वसंत कोरडे गेले. सहाव्या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो उजेडात धरला आणि जीपमधून हिंडणं यंदा शेवटचं म्हणून सांगितलं. आपांना बक्षीस नको होतं, वर्तमानपत्रात नावही नको होतं. आपण पाहिलं ते खरं पाहिलं, एवढं दोम्लांनी एकदा मान्य करावं, की त्या सुखाने घरी बसणार होत्या.

त्यांच्याबरोबर जीप घेऊन एर्गाश होता, त्यांच्या चुलत बहिणीचा जावई. तोंडाने फटकळ, मनाने बरा. "आपा, चिमणीसाठी तीनशे किलोमीटर?" तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. "आमच्या छपराखाली चाळीस आहेत. हव्या तर टोपलीत घालून आणून देतो. वर धूळही टाकतो."

"तू रस्त्याकडे बघ."

"रस्ता असता तर बघितला असता."

चौथ्या दिवशी सकाळी ते ओराझबाय आजोबांच्या विहिरीवर पोचले. तिथे एक मातीचं घर, शंभरेक मेंढ्या, चार उंट आणि एक कुत्रा होता. आजोबा अठ्ठ्याहत्तरचे. त्यांची बायको उल्मेकेन आजी बोलायची कमी आणि ठरवायची सगळं.

ओराझबाय आजोबांबद्दल त्या मुलखात एक गोष्ट सर्वांना ठाऊक होती. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. तसं आपल्याकडे कुणालाच जमत नाही, पण आजोबांनी त्याची हद्दच गाठली होती. एकदा एका थकलेल्या ट्रकवाल्याने विचारलं, नुकूसचा रस्ता हाच ना? त्याचं तोंड इतकं उतरलं होतं, की आजोबा म्हणाले हो. तो माणूस तिसऱ्या दिवशी उलट दिशेने पुन्हा विहिरीवर आला, भांडायच्या तयारीने. आजोबांनी त्याला पुन्हा चहा पाजला. ट्रकवाल्याने मग मुलीच्या लग्नाला बोलावलं त्यांना.

आपांना यातलं काही ठाऊक नव्हतं. चहा झाला, नान मोडून झाला, आणि त्यांनी पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक उघडलं.

"आजोबा, हा पक्षी आहे का इथे?"

"आहे की."

"आणि हा?"

"तो तर फार."

आपा भराभर लिहू लागल्या. सहाव्या पानावर त्यांची पेन्सिल मंदावली. तो पक्षी समुद्रावरचा होता.

"हा पण आहे?"

"येतो कधी कधी," आजोबा म्हणाले. "पाणी प्यायला."

एर्गाशने कपात तोंड घातलं. आपांनी नोंदीसाठी नातवाची शाळेची उरलेली वही आणली होती आणि तिच्या पुठ्ठ्यावर बर्फात उभा असलेला एक पेंग्विन छापलेला होता. आपांनी वही मिटली आणि पुठ्ठा आजोबांपुढे धरला. आजोबांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"हाही असतो," ते म्हणाले. "हिवाळ्यात."

"उडतो?"

आजोबांनी पाहुणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला काय आवडेल याचा अंदाज घेतला. "थोडा."

आपांनी हात टेकले. चार दिवसांत जितक्या मेंढपाळांना विचारलं होतं, ते सगळे कमी-अधिक याच माळेचे मणी निघाले होते. आता पुस्तक मिटायचं म्हणून त्यांनी उगीच शेवटची पानं उलटली. चिमण्यांचं पान आलं.

"ही?" त्या कंटाळून म्हणाल्या. "काळ्या गळ्याची, राखाडी?"

"ही नाही," आजोबा म्हणाले.

आपांनी मान हलवली, पुस्तक पिशवीत टाकलं, आभार मानले आणि उठल्या. मनाने त्या केव्हाच बुखाऱ्याला पोचल्या होत्या, गुडघ्याला गरम वीट लावून बसल्या होत्या. एर्गाश जीपवर सामान बांधत होता.

"काय मुलूख आहे, आपा," तो दोरी आवळत म्हणाला. "पेंग्विन आहे, समुद्रपक्षी आहे, सगळं आहे. नाही ती एक चिमणी."

आपा जीपच्या दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या.

"एर्गाश, सामान खाली काढ."

"आत्ता बांधलं की."

"माझे गुडघे दुखताहेत. आपण राहणार आहोत इथे."

"सकाळपासून तर एकदाही दुखले नाहीत."

"मग आता दुखताहेत असं समज. जो माणूस पेंग्विनला हो म्हणतो, तो एका चिमणीला नाही का म्हणेल?"

एर्गाशने दोरी सोडली. त्याला चिमण्यांतलं काही कळत नव्हतं, पण माणसांतलं बरंच कळत होतं.

पाहुणे राहणार म्हटल्यावर ओराझबाय आजोबांना आनंद झाला आणि त्याच वेळी त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला. त्यांनी ताबडतोब कोकरू कापायला काढलं. नको नको म्हणून आपांचा घसा बसला. दुपारभर आपा दुर्बीण घेऊन हिंडत होत्या आणि आजोबा काठी टेकत मागे. "तिकडे बघ, लेकी, त्या टेकडीकडे फार पक्षी." "उत्तरेला बघ." "उंटांमागे बघ, तिथे तर नुसता बाजार असतो." उत्तर झाली, पूर्व झाली, दक्षिण झाली. विहिरीच्या पश्चिमेला कुठलाच पक्षी नाही, अशी एकूण परिस्थिती होती.

विहिरीच्या पश्चिमेला तीस पावलांवर साक्साऊलचं एक जुनं, वाकडंतिकडं झाड होतं. निम्मं वाळलेलं. साक्साऊलचं वाळलेलं लाकूड कोळशासारखं जळतं. या वाळवंटात त्यासाठी माणसं अर्धा दिवस उंट हाकतात. आणि उल्मेकेन आजी चुलीत शेण्या घालत होती, धुराने डोळे पुसत होती. अंगणातलं सरपण सोडून हे लोक शेण्या का जाळतात, हे आपांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आजोबांना पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं आणि त्यांची आजची मर्यादा संपलेली दिसत होती.

उन्हं कलल्यावर अंगणात लोकरीचा नमदा अंथरला, त्यावर जेवणाचं दस्तरखान घातलं, मटण आलं. आपा मुद्दाम पश्चिमेकडे तोंड करून बसल्या. आजोबांनी त्यांना उठवून मानाची जागा दिली, म्हणजे पश्चिमेकडे पाठ. मग आजीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तिला जिथे बसायचं तिथे बसू दे." आपा पुन्हा पहिल्या जागी आल्या.

जेवण झालं आणि आजोबांनी दुवा मागायला दोन्ही तळवे समोर उघडले. सगळ्यांनी उघडले. आता आमीन होईपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत, हलायचं नाही, हे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं. दुर्बीण आपांच्या गळ्यात होती, कॅमेरा मांडीशी होता.

आजोबांनी पावसापासून सुरुवात केली.

ते मेंढ्यांवर आले तेव्हा साक्साऊलमधून एक चिमणी उडाली आणि नमद्याच्या कडेवर उतरली. आपांपासून चार हातांवर. कडेची लोकर सुटली होती, तिचा एक धागा चोचीत धरून चिमणी ओढू लागली. फिकी राखाडी. गळ्याखाली काळा डाग. चोचीपासून डोळ्यापर्यंत काळी रेघ.

आपांचे हात तोंडासमोर उघडे होते. सहा वर्षं ज्या चिमणीमागे फिरले ती समोर बसून नमदा उसवते आहे, आणि आपण नाक खाजवू शकत नाही! नर आहे, त्या मनात म्हणाल्या. नर तर घरचिमणीतही डागवाला असतो. दोम्ला म्हणतील, धूळ.

"आणि एर्गाशच्या गाडीच्या गिअरना आयुष्य दे," आजोबा म्हणत होते, "आणि या लेकीच्या गुडघ्यांना आराम दे."

तेवढ्यात दुसरी आली. पहिलीहून जरा फिकी, पण गळ्याखाली तोच काळा डाग. दोघांनी मिळून एकच धागा धरला आणि भांडायला लागली. एर्गाशही डोळे फाडून बघत होता. "आपा," तो ओठ न हलवता पुटपुटला, "हीच का ती?" आजीने त्याला कोपराने ढोसलं.

आजोबांचे डोळे मिटलेले होते. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि आज मी एका पाहुण्याशी खोटं बोललो, ते दुसऱ्या पाहुण्यासाठी बोललो. दोघांना एकाच दिवशी माझ्या दारात आणलंस, यात माझी काय चूक, तूच बघ. आमीन."

सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. त्या हालचालीने दोन्ही चिमण्या धाग्यासकट उडून झाडात गेल्या. आपांनी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. त्या रडत होत्या.

आजोबांनी डोळे उघडले. "पाहिलीस?"

"पाहिली."

"मग आता माझी लाज गेलीच." ते नमद्याची उसवलेली कड बोटाने दाबत राहिले. "सात वर्षं येतात. घरात येऊन उतरलेल्याचा पत्ता दुसऱ्याला कसा द्यायचा, लेकी? मागे एक माणूस आला होता. चांगला वाटला. विचारलं, इथे ससाण्याचं घरटं आहे का. मी हो म्हणालो. खरंच होतं, त्या कड्यावर." त्यांनी काठीने दाखवलं. "पुढच्या वसंतात नव्हतं."

मग आपांनी बसचं चाक, दोम्लांचा प्रश्न, सभागृहाचं हसणं, सगळं सांगितलं. नवऱ्या मुलाच्या बुटांपर्यंत सगळं.

आजोबांना त्यातलं एकच कळलं. आपल्या घरी जेवलेल्या बाईला लोक खोटारडी म्हणतात. त्यांचे कान लाल झाले. "काढ फोटो," ते म्हणाले. "दोघांचा काढ. पण कुठे काढला ते..."

"नाही सांगणार."

"विचारतील."

"विचारू देत. मी नाही म्हणेन."

"तो शब्द दिसतो तेवढा सोपा नाही," आजोबा खिन्नपणे म्हणाले. "आयुष्यात एकदा म्हणालो, आणि त्यातच सापडलो ना."

आपांनी नानवर हात ठेवून शपथ घेतली. एर्गाशलाही घ्यायला लावली. "मी कुणाला सांगणार?" तो म्हणाला. "मला परत ही वाट सापडेल असं वाटतं का तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात आपांनी झाडापासून लांब, पोटावर पालथं पडून फोटो काढले. त्यांना उठवायला एर्गाश आणि आजी दोघं लागली.

महिन्याभराने ताश्कंदला समिती बसली. पडद्यावर फोटो आला: दोन चिमण्या, दोघींचे गळे काळे, दोघींच्या चोचीत एकच लोकरीचा धागा. मागच्या रांगेत मळक्या टोपीवर सगळ्यात जास्त हसलेला एकजण स्वतःची नखं तपासत बसला.

दोम्ला आता ऐंशीचे होते. फोटोपाशी जाऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. "वा," ते म्हणाले. मग वही उघडली. "ठिकाण?"

आपा पडद्याकडेच बघत राहिल्या.

"ओयदिन, ठिकाणाशिवाय नोंद होत नाही. हा नियम तुझ्यासमोर मीच केला होता." ते उठून भिंतीवरच्या मोठ्या नकाशाकडे गेले, एका विहिरीवर बोट ठेवलं. "इथे?"

नाही म्हणायचं आपांच्या जिभेवर आलं होतं. नेमकं तेव्हाच त्यांना आजोबा आठवले, दहा वेळा हो म्हणून एका 'नाही'त सापडलेले. दोम्ला त्यांना तीस वर्षं ओळखत होते. एका विहिरीला नाही, दुसरीला नाही म्हणत गेलं, तर तिसरीला आवाज कापणार आणि दोम्ला तिथेच बोट रोवणार.

"हो, दोम्ला," त्या म्हणाल्या.

लोक पुढे सरकले. दोम्लांचं बोट मात्र हललं नाही. त्यांनी आपांकडे पाहिलं, मग बोट दुसरीकडे नेलं. "आणि इथे?"

"तिथेही."

बोट ओराझबाय आजोबांच्या विहिरीवर आलं. "इथे?"

"हो." आवाज तोच.

बोट वाळवंट सोडून डोंगरात गेलं, बर्फाच्या शिखरांवर. "इथे?"

"हो, दोम्ला."

"आणि चोर्सू बाजारात?"

"भाजीवाल्यांच्या बाजूला," आपा म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. गुरूशी असं बोलण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

सभागृह हसलं. आपा मान खाली घालून उभ्या होत्या. नियम म्हणजे नियम. आता वही मिटणार, यंदाचा वसंतही गेला, आणि पुढचा त्यांच्या गुडघ्यांत नव्हता. तरी नानवर हात ठेवून घेतलेली शपथ त्यांना मोडावीशी वाटली नाही.

दोम्ला परत येऊन खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही. "ओयदिन," ते इतक्या हळू म्हणाले की पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं, "आणि त्या वर्षी, बसचं चाक पंक्चर झालं तेव्हा. तीही हीच होती?"

"हो, दोम्ला."

आधीच्या सगळ्या 'हो'सारखाच तोही 'हो' होता. तेच अक्षर, तोच आवाज, धुळीने माखलेला. दोम्ला आपांच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि ठिकाणाच्या रकान्यात 'किझिलकुम' एवढंच लिहिलं. कुणीतरी नियमाचं काहीतरी बोलू लागला, त्याला त्यांनी हातानेच बसवलं. आणि वहीची पानं उलटी चाळत ते सहा वर्षं मागे गेले, स्वतःच्याच अक्षरातली एक ओळ शोधून काढली आणि सगळ्यांच्या देखत ती खोडली.